गळती

धरणगावला, जिनिंगच्या भिंतीला लागून आमचं अंगण.
तिथे चौसष्टची अ‍ॅम्बेसेडर
डावा खांदा पाडून उभी.
रस्त्यात खड्डा आला की ती
तीनदा, चारदा मान डोलवायची,
दोन्हीकडच्यांना हो म्हणणाऱ्या
लग्नातल्या मध्यस्थासारखी.
खाली तेलाचा डाग,
त्यावर चिकटलेली उडती रुई.

रजब मिस्त्री युरियाच्या पोत्यावर आडवा होऊन
आत सरकला. बाहेर नुसते पाय.
पायच बोलले:
"कोन सांगं तुले, सील गयं म्हनीसन?"

एरंडोलच्या गॅरेजवाल्याने, म्हणालो.
पारोळ्याच्याही.
आणि देवचंदने.

देवचंद म्हणजे माझा थोरला.
वाटणीत विहीर त्याच्याकडे गेली, गाडी माझ्याकडे.
त्याला झाली सहा वर्षं.
सहा वर्षांत त्याचा एकच निरोप आला,
तोही दूधवाल्याच्या तोंडी:
सील बदल म्हणावं.
दोनदा बदललं.

रजबने सगळं डिझेलने धुतलं,
ब्रशने, चिंधीने, शेवटी स्वतःच्या जुन्या बनियनने,
पार लिव्हरच्या बुडापर्यंत,
उद्या हळद लागायची असल्यासारखं.
मग हात पुढे केला. "मूठभर पीठ आन."
कशाचं?
"घरमा जे व्हई ते."

घरात कळण्याचं होतं, ज्वारी-उडदाचं.
वाटी देताना सुमनने विचारलं, कोणाला?
गाडीला, म्हणालो.
तिने पुढचं काही विचारलं नाही.

तळहातावरून फुंकून फुंकून
त्याने शॉकअप पांढरा केला.
"आते रातभर हात लावू नको.
जठे वल दिखस, तठे भोक नसस.
तेल उताराले पळस."

मी रात्रीतून दोनदा उठलो, बॅटरी घेऊन.
पहिल्यांदा काहीच नव्हतं.
दुसऱ्यांदा मांजर होतं, हुंगून गेलं.

सकाळी पिठात एक रेघ.
सीलच्या चार बोटं वर एक बारका नट,
त्याखाली तांब्याची चकती,
तिथून निघालेली.
तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.
रेघ कडेकडेने उतरत
सीलपाशी येऊन थांबली होती
आणि ठिबकत होती
सीलच्या नावावर.

नवी चकती जळगावातही मिळायची नाही.
रजबने जुनीच चिमट्यात धरली,
आमच्या गॅसवर, चहाच्या आधणाशेजारी,
लाल होईस्तोवर.
मग वाटीतल्या पाण्यात.
चर्र.
लोखंडाला असं केलं तर कडक होतं, तो म्हणाला,
तांबं मऊ पडतं.
"मऊ व्हयनं का बसस जागावर."

नट आवळला. पिचकारीने वरून तेल भरलं.
मी लिव्हर वरखाली करत राहिलो, तो सांगेल तसा,
हळू, अजून हळू,
आणि भोकातून बुडबुडे येत राहिले,
मोठे, मग मोहरीएवढे.
शेवटचा बुडबुडा बराच वेळ आला नाही.
आम्ही दोघं वाकून, गप्प.
आला.

रजबने बॉनेटवर सगळा भार दिला आणि सोडला.
गाडी एकदाच वर आली.
थांबली.
मजुरी एकशे ऐंशी. चकतीचे काही नाही,
ती तुमचीच होती.

दुपारी चोपड्याच्या रस्त्याने नेली.
देवचंदच्या मळ्यासमोर गतिरोधक आहे,
त्यानेच अर्ज करून घालून घेतलेला.
गाडीने एकदा मान हलवली.
विहिरीवर मोटर चालू होती.
मी हॉर्न दिला, का दिला कोण जाणे,
घोगरा, एकच.
त्याने वर पाहिलं का ते दिसलं नाही.
आरसा अजून सैल आहे.

परत आलो तर अंगणातल्या जुन्या डागावर
मुंग्यांची रांग लागलेली,
कळण्याचं पीठ
कणाकणाने भिंतीपलीकडे नेत होत्या.